लायब्ररीतली 'रिसर्च हेल्प' अपॉइंटमेंट: पेपरसाठी सोर्स शोधायला खरंच उपयोग होतो का? (दोनदा जाऊन आल्यावर लिहितेय)

आमच्या लायब्ररीत एक सर्व्हिस आहे, नोटीस बोर्डावर तिचा कागद वर्षभर लटकलेला असतो आणि आपण रोज त्याच्यासमोरून जातो पण वाचत कोणी नाही. नाव 'रिसर्च हेल्प'. पेपर असो, प्रोजेक्ट असो, डिझर्टेशन असो, लायब्ररियनबरोबर ४५ मिनिटं बसायचं आणि सोर्स कुठून कसे काढायचे ते ठरवायचं, पैसे काही नाहीत. मी पहिल्या वर्षापासून तो कागद बघतेय आणि माझं ठाम मत होतं की ज्यांना गूगल करता येत नाही त्यांच्यासाठी असणार हे. या सेमिस्टरला सरांनी अक्षरशः हाकलून पाठवलं म्हणून गेले, मग नंतर स्वतःहून परत गेले, आणि दोन्ही वेळा इतका वेगळा अनुभव आला की लिहायलाच पाहिजे.

आधी माझी अवस्था सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठल्या पातळीवरून येतोय ते कळेल. सबमिशनला तीन आठवडे, ब्राउझरमध्ये ४३ टॅब उघडे, 'पेपर फायनल' नावाच्या फोल्डरमध्ये ६१ पीडीएफ, त्यातल्या पूर्ण वाचलेल्या दोन आणि त्या दोनमधली एक उंदरांवरची निघाली, जे मला सातव्या पानावर कळलं. विषय घेतला होता 'मोबाईल आणि तरुणांची झोप'. मला वाटत होतं सोर्स तर भरपूर झालेत, आता फक्त लिहायचं बाकी आहे, आणि लिहायला बसलं की एक ओळ पुढे सरकत नव्हती.

बुकिंगचा फॉर्म ऑनलाइन आहे, चार चौकटी, नाव, विषय, डेडलाइन आणि 'आत्तापर्यंत काय काय करून बघितलं'. शेवटच्या चौकटीत मी 'गूगल' एवढंच लिहिलं. सहा दिवसांनंतरचा स्लॉट मिळाला, ही पहिली तक्रार, ज्याचं सबमिशन आठवड्यावर आलंय त्याने काय करायचं. अर्थात आठवडा उरल्यावर जाणाऱ्याला कोणीच काही करू शकत नाही हेही खरंय, पण तरी.

मी लॅपटॉप घेऊन गेले, ६१ पीडीएफ दाखवायला. लायब्ररियन मॅडमनी लॅपटॉप बाजूला सरकवला, छापून वाया गेलेल्या कागदाची कोरी बाजू समोर घेतली आणि विचारलं विषय काय. सांगितला.

"हा विषय झाला. प्रश्न काय आहे तुझा?"

मी परत तेच वाक्य शेवटी प्रश्नचिन्ह लावून म्हणून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, म्हणजे रोज हेच ऐकत असणार. मग म्हणाल्या, "अगं तरुण म्हणजे कोण, तेरा वर्षांचा की तेवीस? आणि मोबाईलचं काय, दिवसभर हातात असणं, का झोपायच्या आधीचा तास, का रात्रभर उशाशी थरथरत राहणं? झोपेचं तरी काय, किती तास झाली ते बघायचंय का कशी लागली ते?" मी एकेकाला उत्तर देत गेले आणि त्या लिहीत गेल्या, वीस मिनिटं यातच गेली, कॉम्प्युटर अजून बंदच होता आणि मला आतून वैताग यायला लागलेला की अहो सोर्स कधी शोधणार आपण. पण वीस मिनिटांनी कागदावर जे उरलं ते असं होतं: १८ ते २४ वयाच्या कॉलेजच्या मुलांनी झोपायच्या आधीच्या तासात फोन वापरला तर झोप लागायला उशीर होतो का, आणि होत असेल तर स्क्रीनच्या उजेडामुळे होतो का त्यावर जे बघतायत त्यामुळे. हे वाचल्यावर मला माझ्या ६१ मधल्या साधारण ४५ पीडीएफ तिथल्या तिथे निरुपयोगी झालेल्या दिसल्या. वाईट वाटलं थोडं, खोटं का बोला.

आता पुढची गोष्ट, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. त्या म्हणाल्या, "सोर्स नंतर. आधी पेपरात तू काय काय म्हणणार आहेस ती वाक्यं लिही, चुकीची निघाली तरी चालतील." मला वाटलं हे उलटंच आहे, आधी वाचायचं मग लिहायचं ना. पण लिहिली, नऊ वाक्यं झाली, आणि मग त्यांनी प्रत्येक वाक्यासमोर लिहिलं की याला कसला पुरावा लागेल. 'बहुतेक मुलं झोपताना फोन वापरतात' यासमोर लिहिलं: सर्व्हे, गेल्या पाच वर्षांतला, एक-दोन पुरेत. 'स्क्रीनच्या उजेडाने मेलाटोनिन कमी होतं' (मेलाटोनिन म्हणजे रात्र झाली, झोपा असं शरीराला सांगणारं हार्मोन) समोर: प्रयोग, सर्व्हे चालणार नाही, साल जुनं असलं तरी हरकत नाही. 'झोपेची गुणवत्ता पीएसक्यूआयने मोजतात' (ही एक प्रश्नावली, 'पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स') समोर: मूळ १९८९चा पेपर, बाकी काही नको. एका वाक्यासमोर लिहिलं 'हे तुझं स्वतःचं मत, इथे सोर्स लावू नको', ते बघून मला हायसंच वाटलं कारण त्या एका वाक्यासाठी मी दोन दिवस घालवले होते. आणि सगळ्यात खाली एक रिकामी चौकट काढली, तिच्यात लिहिलं 'उलट निकाल आलेले, किमान दोन'.

म्हणजे बघा, मला लागणारे सोर्स झाले १४. एकसष्ट गोळा करून मी रडत होते आणि गरज होती चौदांची, त्यातही कुठला कशासाठी ते ठरलेलं. विषयावर सोर्स शोधायला गेलं की समुद्र आहे, त्याला अंतच नाही, वाक्यासाठी शोधायला गेलं की एक मिळाला की ते वाक्य सुटलं, पुढचं घ्यायचं. हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग कुठे कॉम्प्युटर चालू झाला, आणि तो इतका संथ होता की मॅडम स्वतःच म्हणाल्या तुझाच लॅपटॉप उघड. तोपर्यंत कागदावर तीन रकाने झाले होते, एकात फोनचे शब्द, दुसऱ्यात झोपेचे, तिसऱ्यात वयाचे. फोनला 'स्मार्टफोन', 'मोबाईल फोन', 'स्क्रीन टाइम', काही लोक 'इलेक्ट्रॉनिक मीडिया' म्हणतात. झोपेला तर विचारूच नका. एकाच रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडायचे, रकाने एकमेकांना 'अँड'ने. एवढंच आहे ते, पण कागदावर काढलं नसतं तर मी आयुष्यभर पूर्ण वाक्य टाइप करत राहिले असते.

पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या मोफत डेटाबेसमध्ये, आणखी एक गंमत आहे ती मला खरंच माहीत नव्हती. पेपर लिहिणाऱ्याने कुठलाही शब्द वापरला असला तरी तिथे बहुतेक पेपरांना ठरलेली विषय-लेबलं लावलेली असतात, त्याला मेश म्हणतात, म्हणजे 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज'. झोप न लागण्याचं तिथलं लेबल आहे 'स्लीप इनिशिएशन अँड मेंटेनन्स डिसऑर्डर्स', हे नाव आपल्याला स्वप्नातही सुचलं नसतं (सुचायला आधी झोप लागायला हवी). आणि वयाची लेबलं: 'अ‍ॅडोलसंट' म्हणजे १३ ते १८ आणि 'यंग अडल्ट' म्हणजे १९ ते २४. माझी मुलं १८ ते २४, म्हणजे पहिलं वर्षवाले एका डब्यात आणि बाकीचे दुसऱ्या डब्यात. एकच लेबल लावलं असतं तर त्यातले एक गेलेच असते आणि मला पत्ताही लागला नसता की गेले. दोन्ही 'ऑर'ने घेतले. वर साधे शब्द टाकूनही एकदा शोधायचं, कारण पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना ही लेबलं लागलेली नसतात.

गूगल स्कॉलरवर (गूगलचंच, पण फक्त अभ्यासाचे लेख शोधायचं) माझा जास्त भरवसा होता कारण तेच येत होतं. ते २००४ पासून आहे, सगळ्या विषयांचं एकत्र मिळतं, आणि मॅडमनाही ते आवडतं, पण त्यांचं म्हणणं असं की सुरुवात तिथून करू नको, मधे जा. कारणं सांगितली ती पटली. वर लिहिलेलं असतं अमुक लाख रिझल्ट पण एका सर्चचे पहिले हजारच बघायला मिळतात. लेबलंबिबलं तिथे नाहीत. शब्दाच्या शेवटी चांदणी टाकून सगळी रूपं एकदम शोधायची युक्ती पबमेडमध्ये चालते, इथे चालत नाही. आणि 'तारखेनुसार लाव' केलं तर फक्त गेल्या वर्षभरात त्यांच्याकडे आलेलंच दिसतं, मला वाटायचं अख्खी यादीच नवीन ते जुनं लागते.

पण एका गोष्टीत त्याला तोड नाही आणि ती म्हणजे प्रत्येक रिझल्टखाली बारीक अक्षरात असणारं 'साइटेड बाय'. एक चांगला पेपर हातात आला की त्याच्या मागची रेफरन्स यादी बघून आपण भूतकाळात जातो हे सगळ्यांना माहीत असतं, 'साइटेड बाय' दाबलं की त्याच्या पुढच्या काळात जातो, म्हणजे त्यानंतर कोणी कोणी त्याचा आधार घेतला, कोणी खोडून काढलं. आणि ती यादी हजारोंची असली तरी वर एक छोटा चौकोन असतो, तो टिक केला की फक्त त्या यादीतच शोधता येतं. मॅडमनी तिथे आमचे दोन शब्द टाकले आणि हजारोंचे काही डझन झाले. मी 'साइटेड बाय' तीन वर्षं बघितलंय आणि कधीच दाबलेलं नव्हतं.

याचं प्रात्यक्षिक त्यांनी ज्या पेपरवर केलं ती गोष्ट सविस्तर सांगते. माझ्या नऊ वाक्यांत एक होतं, 'स्क्रीनमुळे झोप उशिरा लागते हे सिद्ध झालं आहे', आणि त्याला मी सोर्स म्हणून एका बातमीची लिंक लावलेली. त्यांनी विचारलं बातमी कुठल्या अभ्यासावरून आहे. मला माहीत नव्हतं. बातमीत जर्नलचं नाव होतं त्यावरून पाच मिनिटांत मूळ पेपर काढला, प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसमधला, २०१४च्या डिसेंबरात ऑनलाइन आलेला. उजेड देणाऱ्या ई-रीडरवर वाचणं आणि छापील पुस्तक वाचणं याची तुलना. मॅडम म्हणाल्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट नको, मेथड्स, म्हणजे अभ्यास कसा केला तो भाग, उघड आणि सांग किती लोक होते.

बारा.

मी परत बघितलं. बाराच. हॉस्पिटलसारख्या ठिकाणी दोन आठवडे ठेवलेले, झोपायच्या आधी चार-चार तास वाचायला लावलेलं, ई-रीडर पूर्ण ब्राइटनेसवर आणि पुस्तक मंद उजेडात. झोप लागायला जो उशीर झाला तो साधारण १० मिनिटांचा. अभ्यास वाईट आहे असं अजिबात नाही, प्रयोग तसाच करतात, सगळं काबूत ठेवून, त्यामुळे 'उजेडाने मेलाटोनिनवर परिणाम होतो' या वाक्याला तो एकदम चपखल. पण माझ्या वाक्यातली मुलं अंथरुणात पडून अर्धा-पाऊण तास रील्स बघणारी, त्यांच्याबद्दल 'सिद्ध झालं आहे' म्हणायला हे बारा जण पुरणार नाहीत. वाक्य बदललं. बातमी उडवली. आणि 'साइटेड बाय'मधून उलट बोलणारेही सापडले, ती खालची रिकामी चौकट तिथेच भरली.

दुसरा फटका लगेच बसला. मी उत्साहात म्हटलं की माझ्याकडे एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून एकत्र तपासणारा लेख) पण आहे, जामा पीडिअ‍ॅट्रिक्समधला, २०१६चा, २० अभ्यास आणि सव्वा लाख मुलं, आता तर बोलायलाच नको. मॅडमनी फक्त सरासरी वयावर बोट ठेवलं, साडेचौदा. "ही तुझी मुलं आहेत का?" नव्हती. पण टाकून देऊ नको म्हणाल्या, पार्श्वभूमीच्या परिच्छेदात वापर, फक्त तिथे शाळकरी वयाची म्हणून लिही. आणि वर एक अशी युक्ती दिली की त्या एकटीसाठी अपॉइंटमेंट घ्यावी: सिस्टिमॅटिक रिव्ह्यूवाल्यांना आपण काय काय शब्द टाकून शोधलं ते सांगावं लागतं, बहुतेक वेळा मेथड्समध्ये किंवा मागच्या जोडपत्रात अख्खी सर्च स्ट्रिंग छापलेली असते. ती उचलायची, वयाचे शब्द बदलायचे, चालवायची. अनुभवी माणसांनी महिनोन्‌महिने घासलेली शब्दांची यादी आयती मिळते आणि ती चोरीही नाही.

अजून एक छोटी पण भारी गोष्ट, मोजपट्टीच्या नावाने शोधायचं. झोपेची गुणवत्ता मोजायला पीएसक्यूआय ही प्रश्नावली खूप वापरतात, गेल्या महिन्याबद्दल १९ प्रश्न असतात आणि एकूण गुण ५ च्या वर गेले की झोप खराब धरतात. 'स्लीप क्वालिटी' शोधलं की वाट्टेल ते येतं, ब्लॉगछाप लेखसुद्धा. 'पीएसक्यूआय' टाकलं की जवळपास तेच येतात ज्यांनी खरंच मोजलंय. आणि सगळ्यांनी एकाच पट्टीने मोजलेलं असलं की तुलना करता येते हा बोनस.

४५ मिनिटं संपली, शेवटची पाच मिनिटं प्रिंट काढण्यात गेली कारण प्रिंटर अडकला, पुढचा मुलगा दारात येऊन उभा. मी त्या कागदाचा फोटो काढला. आजही तो कागद आहे माझ्याकडे, कोपऱ्यात त्यांनी सहज काढलेलं एक फूलही आहे.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलेला एक तक्ता केला, जो मी टाळणार होते कारण कंटाळवाणा वाटलेला: तारीख, कुठे शोधलं, नेमके काय शब्द, किती आले, किती ठेवले. पहिले दोन दिवस शिव्या देत भरला. तिसऱ्या दिवशी मी एक सर्च टाइप करायला गेले आणि तक्त्यात दिसलं की हाच आपण परवा केलाय आणि शून्य कामाचं निघालंय. त्यानंतर शिव्या बंद.

आता दुसऱ्या फेरीकडे येते, पण त्याआधी माझा एक मूर्खपणा. मधल्या आठवड्यात मला दोन सोर्स कमी पडत होते, तर रात्री दीड वाजता (विषय बघा आणि वेळ बघा) मी एका चॅटबॉटला म्हटलं की या विषयावर दहा रेफरन्स दे. दिले की त्याने, तीन सेकंदांत, लेखक, साल, जर्नल, खंड, पानं, डीओआय (प्रत्येक लेखाचा स्वतःचा कायमचा ऑनलाइन नंबर) सगळं. इतके सुबक की मी चार तर यादीत टाकूनही मोकळी झाले. सकाळी शंका आली म्हणून एकाचा डीओआय टाकला, सापडत नाही. दुसऱ्याचा टाकला तर सापडला पण उघडला मातीच्या रसायनशास्त्रावरचा लेख. तिसरा जर्नलच्या साइटवर जाऊन बघितला, जर्नल खरं, खंड खरा, पण त्या पानांवर भलताच पेपर. दहातले सहा या जगात नव्हतेच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असेच बॉटने बनवलेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले होते आणि ५००० डॉलर दंड झाला होता, ती बातमी वाचून मी हसले होते. आता नाही हसत. एक मात्र सांगते, त्याच बॉटला 'झोप लागायला वेळ लागणे' याला शास्त्रीय शब्द कोणकोणते असं विचारलं तर 'स्लीप लेटन्सी' वगैरे बरोब्बर दिले आणि ते रकान्यात कामाला आले. शब्द मागा, सोर्स मागू नका, माझ्यापुरता हिशोब असा लागला.

आणि बॉटलाच शिव्या देण्यातही अर्थ नाही, माणसं काय कमी आहेत. मॅडमनीच सांगितलेला किस्सा: एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांना रेफरन्स कसा लिहायचा याचा नमुना म्हणून २००० सालचा एक पेपर दाखवलेला, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा, जो अस्तित्वातच नाही, जर्नलसकट बनवलेला. तो नमुना सुमारे ४०० खऱ्या लेखांच्या यादीत खरा सोर्स म्हणून गेलाय. बऱ्याच ठिकाणी टेम्प्लेटमधली ओळ पुसायची राहिली असणार. म्हणजे छापलेल्या पेपरच्या मागच्या यादीतून ओळ उचलली म्हणून ती खरी असेलच असं नाही, उघडून बघावंच लागतं.

तर दुसरी फेरी. यावेळी मॅडम नव्हत्या, एक सर होते. मी माझा कागद, तक्ता सगळं घेऊन तयार, आणि त्यांनी माझा प्रश्न जसाच्या तसा, पूर्णविरामासकट, लायब्ररीच्या सर्च बॉक्समध्ये टाकला, आलेले पहिले वीस रिझल्ट प्रिंटला दिले (प्रिंटर अजून अडकतोच) आणि म्हणाले यातून बघ. दहा मिनिटांत संपलं. हे तर मी पण करतच होते आणि म्हणूनच इथे आले होते ना. शिवाय एक १४ पानी माहितीपत्रक मेल केलं, त्यातल्या निम्म्या लिंक मेलेल्या. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार, की सर्व्हिस एकच पण कोण भेटेल त्यावर सगळं अवलंबून, आणि फॉर्ममध्ये कोण असणार ते दिसत नाही.

पण मी निघता निघता सहज म्हटलं की दोन पेपर पेवॉलच्या आड आहेत, म्हणजे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आणि सर एकदम जागेच झाले. ते त्यांचं खरं क्षेत्र निघालं. सगळ्यात आधी स्कॉलरमध्ये त्या पेपरखालचं 'ऑल व्हर्जन्स' दाबायला लावलं, एकाची लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत तिथेच सापडली. मग अनपेवॉल नावाचं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन टाकून दिलं, पेपरच्या पानावर गेलं की कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर बाजूला हिरवं कुलूप उघडं दिसतं. दुसरा पेपर कुठेच नव्हता तर त्यांनी इंटरलायब्ररी लोनची रिक्वेस्ट टाकली, म्हणजे आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या लायब्ररीकडून स्कॅन मागवायचा, चार दिवसांत मेलवर आला. आणि सांगितलं की तेही नाही जमलं तर सरळ लेखकाला मेल कर, पहिल्या पानावर पत्ता असतो, आपला पेपर कोणीतरी वाचतंय याचा लोकांना आनंदच होतो. मी गंमत म्हणून एकाला केला, दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली आणि खाली लिहिलेलं की यापुढचा आमचा पेपरही येतोय, हवा असेल तर सांग. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं.

झोटेरोबद्दल, म्हणजे सोर्स साठवून त्यांची यादी बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, दोघांनीही सांगितलं आणि ते वेगळं लिहिण्यासारखं आहे पण थोडक्यात: फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून आहे, पेपरच्या पानावर बटण दाबलं की सगळी माहिती आणि पीडीएफ आत. मोफत जागा ३०० एमबीच आहे, पण ती पीडीएफ क्लाउडवर ठेवण्यापुरती, नुसत्या नोंदींना मर्यादा नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे की यादीतला एखादा पेपर नंतर मागे घेतला गेला असेल तर ते रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसवरून लाल पट्टी दाखवतं. फक्त त्याने आपोआप भरलेल्या माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, माझ्या एका नोंदीत शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलेलं आणि दुसऱ्या लेखकाचं नाव आडनाव उलटं. ते हाताने नीट करावं लागतं आणि ते करण्याची वेळ म्हणजे सेव्ह केल्या केल्या, शेवटच्या रात्री नव्हे.

मग जावं का? ज्याच्याकडे नुसता विषय आहे आणि प्रश्न नाही त्याने नक्की जावं, पण शक्यतो सोर्स गोळा करायच्या आधी, माझ्यासारखं ६१ जमवून नाही, जमवलेलं टाकून देताना जीव जातो. ज्याचा प्रश्न पक्का आहे आणि फक्त पेपर मिळत नाहीयेत त्याने मेल टाकला तरी काम होतं, तासभर बसायची गरज नाही. ज्याला रेडीमेड यादी हवीय त्याने जाऊ नये, मॅडम ती देणार नाहीत आणि सर देतील ती उपयोगाची नसेल. मॅडमना पाच पैकी पाच, सरांना सर्चचे दोन आणि पेपर मिळवून देण्याचे पाच, प्रिंटरला शून्य.

चौदापैकी तेरा सोर्स मिळाले, चौदाव्याच्या बाबतीत वाक्याचंच दुखणं होतं, ते वाक्य काढून टाकलं. पेपर देऊन झाला. आता डिझर्टेशनसाठी काल परत फॉर्म भरला, यावेळी विषयाच्या चौकटीत पूर्ण प्रश्नच लिहायचा ठरवलं होतं, वय, काळ, काय मोजणार सगळं. त्या चौकटीत शंभरच अक्षरं मावतात. माझा प्रश्न 'आणि होत असेल तर' इथे तुटलाय.